सहा वाजता मंद होणारी स्क्रीन

सालातिगा, ३ ऑगस्ट

वेनिंग,

फोनवर तू मला ब्लॉक करून दार लावून घेतलंस, म्हणून टपालाने येतोय. पोस्टातल्या बाईने पाकिटावरचा समुद्रापलीकडच्या कुपांगचा पत्ता वाचला आणि विचारलं, "एवढ्या लांब कागद कोण पाठवतं हल्ली?" मी म्हटलं, "ज्याला दुसरा रस्ता उरला नाही तो." तिने तिकीट जरा जोरातच चिकटवलं.

भांडायला लिहीत नाहीये. तुझा प्रश्न वाचला, एवढंच सांगायचं होतं. आपल्या लिनक्सवाल्यांच्या फोरमवर तू काल टाकलास तो. "रोज संध्याकाळी सहाला लॅपटॉपची स्क्रीन आपोआप अंधारते, काही वाचता येत नाही. कृपया मदत करा, कृपया." नाव वेगळं घेतलंयस, पण लॅपटॉपचं मॉडेल ओळखीचं, गाव ओळखीचं आणि 'कृपया' दोनदा लिहायची सवय तर माझ्या चांगलीच ओळखीची.

प्रश्न नीट विचारलायस, हे कबूल करतो. आधी काय करत होतीस, काय व्हायला हवं होतं, काय झालं, मध्ये काय बदललं, सगळं ओळीने. या फोरमवर असा प्रश्न विचारायला लोकांना कोणी शिकवलं, नियमांचं ते पान कोणी लिहिलं, हे तुझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. माझ्याच नियमांनी तू मला वगळून अख्ख्या देशाला विचारतेयस. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आठ वर्षं तू आतल्या खोलीतून हाक मारायचीस, "अरे, हे परत अडकलं!" आणि मी दुकानातलं उघडं मशीन तसंच टाकून यायचो. आता तू हाक मारलीस आणि धावत आला कोण, तर ओम यूसाक. तिकडे वयाने जरा मोठ्या पुरुषाला ओम म्हणतात, काका म्हणतात, ते मला माहीत आहे. पण काका म्हटल्याने माणूस काका होत नाही. फोटोत तर चाळिशीचाही दिसत नाही. तुझा प्रश्न पडला आणि माझा चहा गार व्हायच्या आत त्याचं उत्तर हजर: "घाबरू नका नोना, सावकाश बघू. एकेक गोष्ट करू."

नोना! तरुण पोरींना म्हणतात ना तिकडे?

मला विचार. एका ओळीत विचार. त्या लॅपटॉपची नस न् नस मला ठाऊक आहे. तू जाताना मी दुकानातला नवा देत होतो, तर "माझा स्वतःचा जुना नेते" म्हणालीस. तो कपाटातून काढून, पुसून, तुझ्या फाइली जागच्या जागी ठेवून त्याच्यावर लिनक्सची नवी आवृत्ती चढवली ती मीच. ओम यूसाकने त्याला अजून हातही लावलेला नाही.

इथे थंडी पडलीय. मेरबाबू डोंगरावरून वारा सुटला की छपराचे पत्रे वाजतात. तुझी करडी शाल इथेच राहिलीय. मी वापरत नाही.

प्रसोजो


सालातिगा, ९ ऑगस्ट

वेनिंग,

तिकडे टपाल जायला आठवडाभर लागतो. पहिलं पत्र तुझ्या हातात पडायच्या आत हे दुसरं निघतंय, कारण मला दम निघत नाहीये.

तुझ्या प्रश्नाखाली जो उत्तरांचा धागा चाललाय, त्यावर काल गंमतच झाली. सुराबायाचा एक जण म्हणाला, "अरे, हे मॉडेल टोकेकच्या हातातलं. टोकेकला बोलवा." मेदानवाल्याने री ओढली, "झोपलाय की काय टोकेक? एरवी कोणी चुकीचं उत्तर दिलं की भिंतीवरून ओरडतो." टोकेक, घराच्या भिंतीवरची ती ठिपक्यांची मोठी पाल. फोरमसाठी माझं हे नाव तूच ठेवलंस. म्हणालीस, कोपऱ्यात गप्प बसतोस आणि मध्येच अख्ख्या घराला ऐकू जाईल असं बोलतोस. तर टोकेक कीबोर्डवर बोटं ठेवून बसलाच होता. तेवढ्यात तुझी ओळ आली: "त्यांना बोलावू नका, कृपया. कृपया नका."

'त्यांना'! आठ वर्षं मी तुझा 'अरे' होतो.

घरी एकट्याने जेवावंसं वाटेना म्हणून बू पाइनेमच्या भाताच्या गाडीवर गेलो. ती काही बोलल्याशिवाय वाढत नाही, तुला माहीतच आहे.

"एकटाच? बायको कधी यायचीय?"

"शाळेची नोकरी आहे तिकडे. दोन वर्षं."

"आणि फोनमध्ये काय एवढं डोकं घालून बसलायस? तिचा फोटो?"

"तिची स्क्रीन संध्याकाळी अंधारते. लोक कारण शोधतायत."

"आणि तुला ठाऊक नाही? गावभरची मशीनं दुरुस्त करतोस ना?"

"तिने मला विचारलं नाही, बू."

"मग न विचारता सांग. तोंडाला कुलूप घातलंय का तिने?"

"न विचारता सांगतो, म्हणूनच तर गेली."

तिचा भात वाढणारा हात थांबला. "मग बस जळत," म्हणाली आणि माझ्या सांबालच्या चटणीत आणखी मिरची घातली.

आता खरी गोष्ट. काल ओम यूसाकने तुझ्याकडे लॉग मागितला. मशीन दिवसभर स्वतःशी जे पुटपुटतं त्या नोंदींतला सहाच्या आसपासचा तुकडा तू चिकटवलास. त्यात लाल ओळी आहेत, ग्राफिक्सच्या तक्रारीच्या, आणि सगळे त्या लाल ओळींवर तुटून पडलेत. त्या लाल ओळी या मॉडेलला जन्मापासून आहेत, कोणाचं काही बिघडवत नाहीत. त्यांच्यावर एक साधी पांढरी ओळ आहे, बरोबर सहा वाजताची. तिच्याकडे कोणाचं लक्ष नाही. मी ती वाचली आणि खुर्चीतून उठून उभा राहिलो.

मला कारण कळलंय, वेनिंग. फक्त मला. ओम यूसाक सात जन्म लाल ओळी चिवडत बसला तरी त्याला कळायचं नाही.

आणि मी सांगणार नाही. आधी तू एक ओळ लिही. कागदावर लिही, फोरमवर लिही, कशावरही. "प्रसोजो, सांग," एवढंच. हे वाचून तुझ्या कपाळावर आठी पडेल, ती मला इथून दिसतेय. पण तुला हवं असलेलं असं माझ्याजवळ दुसरं काहीच उरलेलं नाही. हे एकच आहे, म्हणून मुठीत धरून बसलोय.

प्रसोजो


सालातिगा, १८ ऑगस्ट

वेनिंग,

तुझी ओळ आली नाही. टपालवाला रोज समोरून जातो आणि आता माझ्याकडे बघायचंही टाळतो.

मधल्या काळात मी ओम यूसाकचा अभ्यास केला. लाज वाटत नाही, स्पष्ट सांगतो. त्याने फोरमवर आजवर लिहिलेलं सगळं वाचून काढलं, बिघडलेल्या मशीनचा लॉग वाचावा तसं. बांजारमासिनच्या एका बिचाऱ्या कारकुनाला तो काय लिहितो? "नियम वाचा." बोगोरच्या विद्यार्थ्याला? "आधी शोधा, मग विचारा." बास, एवढंच. आणि तुला? तुला परिच्छेदच्या परिच्छेद. "आज शाळेत दमला असाल, हे उद्या केलंत तरी चालेल." "छान केलंत नोना, अगदी बरोबर टाइप केलंत." अरे, कमांड टाइप केली तिने, पोवाडा नाही रचला!

त्याचे उपायही बघतोय. आधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलायला लावला. सहा वाजले, स्क्रीन अंधारली. मग बॅटरी वाचवण्याची सगळी सेटिंग्ज बंद करायला लावली. सहा वाजले, अंधारली. मग म्हणाला खोलीतल्या उजेडाचा अंदाज घेणारा डोळा बिघडला असेल, त्यावर काळी पट्टी लावा. त्या मॉडेलला तो डोळाच नाही. तू इमानेइतबारे शोधत बसलीस आणि "सापडत नाही, ओम" असं लिहिलंस. मला आनंद झाला. तू अंधारात डोळे ताणत बसली होतीस आणि मला आनंद झाला, असा मी झालोय.

काल स्वातंत्र्यदिन. गल्लीत दोरीला टांगलेले पापड हात मागे बांधून खायची शर्यत होती, मला पंच नेमलं होतं. शर्यत ऐन रंगात असताना फोरमवर फोटो पडला. तुमच्या तिकडच्या लिनक्सवाल्यांनी सुट्टी साधून ओएसापाच्या किनाऱ्यावर बैठक भरवली होती. मी फोनमध्ये बघत राहिलो, पापड कोणी आधी संपवला ते पाहिलंच नाही, आणि दोन घरांत जुंपली. अजून बोलत नाहीत एकमेकांशी.

तू केस कापलेस.

मला कोणी सांगितलं नाही. कोण सांगणार म्हणा. मानेपर्यंत कापलेस आणि हसतेयस. टेबलावर धुरी दिलेल्या मांसाची ताटं, मधोमध आपला लॅपटॉप, आणि शेजारी तो, तुझ्या खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकून. मी फोटो मोठा करकरून पाहिला. कोपर खुर्चीवरच आहे, तुझ्या खांद्याला लागलेलं नाही. पण मग माझं लक्ष त्याच्या दुसऱ्या हाताकडे गेलं. तो हात त्याच्या गुडघ्यावर आहे. कीबोर्डवर तुझे दोन्ही हात आहेत. तू टाइप करतेयस आणि तो नुसता बघतोय.

तेव्हा मला तू निघालीस तो दिवस आठवला. तू विचारलं होतंस, प्रबंधातली पानांची मांडणी कशी बदलायची. मी म्हटलं, सरक जरा, आणि कीबोर्ड ओढून घेऊन करून टाकलं. तू म्हणालीस, "मी 'कसं' विचारलं होतं." मी म्हटलं, झालं ना काम! मग वर आणखी विचारलं की हे प्रबंधाचं पान ज्याला पाठवतेयस तो सुकोचो कोण, रोज कशाला लिहितो. तू उठलीस. "तुझी मदत म्हणजे पहारा असतो," म्हणालीस. कुपांगच्या नोकरीचा कागद तुझ्या पिशवीत आधीपासून होता की तू तो त्या दिवशी मागवलास, हे मला अजून माहीत नाही.

त्या यूसाकचा गुडघ्यावरचा हात बघून माझा जो जळफळाट झाला, तो त्याने तुला मिठी मारली असती तरी झाला नसता. हात असा लांब ठेवणं मला कधीच जमलं नाही, आणि त्याला मात्र न शिकवता जमतं.

प्र.


सालातिगा, २१ ऑगस्ट

वेनिंग,

तुला माझं पत्र मिळालं. तू उत्तर दिलं नाहीस, पण मिळालं हे मला कळलं, कारण काल तू फोरमवर लिहिलंस: "कारण एका माणसाला ठाऊक आहे, असं तो म्हणतो. ठाऊक असलं तर असू दे. मला कोणाच्या मुठीतलं काही नको. शनिवारी सगळं पुसून नव्याने सुरुवात करते. ओम, मदत कराल ना?"

आणि ओमने काय लिहिलं? "करेन नोना. पण खात्री आहे ना? जुनं सगळं जाईल."

"जाऊ दे. कंटाळा आला," असं तू लिहिलंस.

कोणालाच कळलं नाही कोणाबद्दल आहे ते. मेदानवाल्याने "कोण हा उपटसुंभ?" म्हणून विचारलं. मी ते वाचलं आणि उपटसुंभ गप्प बसला.

आता कारण सांगतो. शनिवारच्या आत हे पत्र पोहोचणार नाही, म्हणून आता लिहिण्यात माझा काही फायदा नाही. फायदा नसतानाच सांगायला हवं होतं, हे उशिरा कळलं.

आपलं लग्नाचं पहिलं वर्ष आठव. कालितामानची ती भाड्याची खोली. तू तुझा पहिला प्रबंध लिहायला बसायचीस, की मशिदीत संध्याकाळची मगरिबची बांग झाली तरी तुला ऐकू यायची नाही. मी सहाला दुकान बंद करून यायचो, भात वाढायचो, तो गार व्हायचा. एकदा मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला तर केवढ्याने ओरडलीस. मग स्वतःच हसलीस आणि म्हणालीस, "तू उठवायला येत जाऊ नकोस, मला राग येतो. मशीनलाच सांग ना काहीतरी. मशीनवर मी नाही चिडणार."

म्हणून मी मशीनला सांगितलं. ठरल्या वेळी आपोआप करायच्या कामांची जी यादी असते ना, तिच्यात तुझ्या नावावर एक ओळ घातली. सहा वाजले की स्क्रीन मंद कर आणि वर एक संदेश दाखव: "वेनिंग, आधी जेवून घे." तू पहिल्या दिवशी एवढी हसलीस की भात त्या दिवशीही गारच झाला.

पुढे टेबलावरचा मोठा संगणक आला, लॅपटॉप कपाटात गेला, तू विसरलीस, मीही विसरलो. तू निघताना मी त्याच्यावर नवी आवृत्ती चढवली, तेव्हा ती ओळ आत तशीच राहिली. पण संदेश दाखवणारा जो छोटा प्रोग्राम होता, तो नव्या आवृत्तीत नाही. म्हणून संदेश दिसत नाही. नुसता अंधार पडतो.

बिघाड काहीच नाही, वेनिंग. तू सांगितलेलंच काम ते मशीन करतंय, फक्त बोलायचं विसरलंय.

शनिवारी तू सगळं पुसशील आणि ती ओळ जाईल. तुझं काही बिघडणार नाही, उलट बरंच होईल. पण त्या मशीनमध्ये तू माझ्याकडे मागितलेली आणि मी तुला हवी तशीच दिलेली अशी ती एकच गोष्ट आहे. बाकीचं सगळं मी न मागता केलं होतं. ती पुसली जाणार, तीही त्याच्या समोर, त्याच्या मदतीने, आणि मी तुला पत्र घालून तुझ्याकडून ती पुसवून घेतोय. दुसऱ्याचं वाईट करायला निघालो आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

फोरमवर सगळ्यांसमोर सांगू? तू म्हणालीस, त्यांना बोलावू नका. हे एक तरी मला ऐकायला हवं.

काय करावं सुचत नाही.

प्रसोजो


सालातिगा, २७ ऑगस्ट

वेनिंग,

मागचं पत्र तुला अजून मिळालं नसेल, पण त्यातलं आता तुला सगळं कळलंय. कसं कळलं, ते या पत्रात आहे. भला माणूस ही गोष्ट गिळून टाकतो. मी तेवढा भला नाही. दोन दिवस गिळायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

गुरुवारी दुपारी मी ओम यूसाकला खासगीत निरोप टाकला. ते सगळं इथे उतरवतो.

"ओम, नोनाच्या लॅपटॉपबद्दल बोलायचंय," मी लिहिलं.

"टोकेक? खरा टोकेक? अहो दादा, तुमचीच उत्तरं वाचून शिकलोय मी! पण हे खासगीत कशाला? 'खासगीत विचारू नका, खासगीत सांगू नका, सगळ्यांना शिकू द्या', हा नियम तुमचाच ना?"

"माझाच. आज मोडतोय. लाल ओळी सोडा. तिला ठरल्या वेळच्या कामांची यादी उघडायला सांगा. तिच्या स्वतःच्या नावावरची."

त्याने लॉग पुन्हा चाळला असावा. मग: "सहाची पांढरी ओळ! समोर होती की हो. आणि मी बाईला नसलेल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगत होतो. पण दादा, हे तुम्हीच का नाही सांगत? मॉडेल तुमच्या हातातलं, उत्तर तुमचं."

"तिने लिहिलंय ना, त्यांना बोलावू नका."

"अच्छा," त्याने लिहिलं. "म्हणजे 'ते' तुम्ही."

"तेच."

"आणि मुठीत कारण धरून बसलेला तो माणूस?"

"तोही मीच."

"कोणी सांगितलं म्हणून सांगू तिला?"

"तुमचंच म्हणून सांगा."

"एक विचारू? रागावणार नाही ना? माझ्यावर जळताय?"

"हो."

"भरपूर?"

"भरपूर."

"बरं," त्याने लिहिलं. "उद्या सकाळी सांगतो तिला. आजचा दिवस मला द्या."

एक दिवस त्याला कशाला हवा होता, ते मला समजलं; तुझा मदतनीस म्हणून त्याचा तो शेवटचा दिवस होता. आणि समजल्यावर त्या माणसाचा राग येईना. राग होता तेव्हा बरं होतं, निदान धरायला काहीतरी होतं. त्याचं लग्न झालंय का, हे विचारायला बोटं शिवशिवत होती. ते विचारलं नाही, एवढं मात्र माझ्या नावावर लिही.

शुक्रवारी सकाळी त्याने शब्द पाळला. "नोना, पुसायच्या आधी एक शेवटची गोष्ट. ही कमांड तुम्ही स्वतः टाइप करा आणि काय दिसतं ते इथे चिकटवा." दुकानात एक बाई प्रिंटर घेऊन आली होती. तिला काय झालंय म्हणून मी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा ऐकलं नाही. शेवटी ती प्रिंटर उचलून निघून गेली. दुपार झाली तरी तुझं काही नाही. मला वाटलं तू थांबलीच नाहीस, पुसून टाकलंस.

चार वाजून गेल्यावर तू चिकटवलंस. नुसती ती ओळ, खाली एक शब्दही नाही. आठ वर्षांपूर्वीची माझी ओळ, आणि शेवटी "वेनिंग, आधी जेवून घे." अख्ख्या देशासमोर.

फोरमला तर ऊतच आला. सुराबायावाला म्हणाला, "वा! लॅपटॉपमध्ये सासू बसवलीय कोणीतरी!" कोणी म्हणालं, "आमच्यात असं घालून द्या, आमची बायको तर जेवलास का असंही विचारत नाही." मेदानवाला म्हणाला, "ओळ उडवा, काम झालं. पुसापुशीची गरजच नाही." तोही बरोबरच होता. मी स्वतः कोणालाही हेच सांगितलं असतं.

मग तू लिहिलंस, "उडवायची नाही."

"मग?"

"सहाच्या जागी सात करायचेत. संध्याकाळचा वर्ग असतो. आणि तो संदेश दिसत नाही, तो परत दिसायला हवा. कसं करायचं?"

"पण लिहिलं कोणी होतं हे?" मेदानवाल्याला चैन पडत नव्हतं.

"घरच्या माणसाने," तू लिहिलंस. "मीच सांगितलं होतं. विसरले होते."

मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि आत बसून राहिलो. पुढचं सांगतो, मग थांबतो.

तू 'कसं' विचारलंस आणि कोणी उत्तर देईना. ओम यूसाकच्या नावापुढचा हिरवा ठिपका दिसत होता. तो तिथेच होता, त्याला उत्तर येत होतं, आणि तो गप्प होता. शेवटी मेदानवाला म्हणाला, "आता तरी टोकेकला बोलवा रे!" मी वाट पाहिली. तुझं 'नका' येईल म्हणून पाहिली. आलं नाही. 'बोलवा' असंही आलं नाही. मग मी लिहिलं. सहा कुठे आहेत, संदेशासाठी कोणता छोटा प्रोग्राम घालायचा आणि तो कसा घालायचा, एवढंच. माझ्या हाताला जास्तीचा एक शब्द लिहायची फार खाज सुटली होती. लिहिला नाही.

"झालं. धन्यवाद," तू लिहिलंस, आणि धागा सुटला म्हणून खूण केलीस. उत्तराची हिरवी खूण ओम यूसाकच्या शुक्रवारच्या ओळीला गेली. नियमाने तशीच जायला हवी. ती बघून माझ्या पोटात दुखलं ते अजून थांबलेलं नाही, आणि इतक्यात थांबेल असं वाटतही नाही. ते उत्तर माझं होतं. आता तुला कळलं ना? बास. मला एवढंच हवं होतं, बाकी तू त्याला खुशाल 'ओम' म्हण. काकाच म्हण पण.

एक गोष्ट राहिली. तुझ्या तिकडचं घड्याळ आमच्या जावाच्या घड्याळापेक्षा तासभर पुढे असतं. तू सहाचे सात केलेस. तुझ्याकडे सात वाजतात, तेव्हा माझ्याकडे सहा वाजलेले असतात, मी दुकान बंद करून आत येतो आणि भात वाढून घेतो. हे तुझ्या मनात होतं, की वर्ग उशिरा सुटतो म्हणून केलंस, ते मी विचारणार नाही.

प्रसोजो